भेटीचं रडणं

१४ जानेवारी, यवतमाळ
सिस्टरने वॉर्डभर तिळगूळ वाटला. आईच्या डाव्या हातावर वडी ठेवून म्हणाली, गोड बोला मावशी. मग तिचं तिलाच कळलं, आणि पुढच्या खाटेकडे सटकली. आई त्या वडीकडे बघत राहिली. उजवा हात चादरीवर नुसता पडलेला.

शनिवारी लकवा आला. रविवारी मी नागपूरहून आले. तेव्हापासून तिने माझं नाव घेतलेलं नाही. पल्लवी जड जात असेल, मान्य. पलू तरी?

डॉक्टर म्हणतात मेंदूत डाव्या बाजूला रक्त अडलं, बोलणं तिथूनच चालतं. परत येईल का विचारलं तर म्हणाले, बघू. वडील, म्हणजे बापू, त्यांना 'सर, सर' करत होते. एरवी सगळं दिग्रस बापूंना सर म्हणतं.

१६ जाने., यवतमाळ
आईला एक शब्द आला. बाटी. सकाळपासून तोच. सिस्टरने वाटी आणून दिली. आईने ढकलली. पुन्हा बाटी. सिस्टरने दुसरी, मोठी वाटी आणली. आईने तीही ढकलली, तर सिस्टर वैतागली, पेशंट फार चिडखोर आहे म्हणाली.

मी म्हटलं, भाकर मागते आहे ती. बाटी म्हणजे भाकर. आम्ही बंजारा, गोरबोली आमची.

"मंग तुले येते काय ते बोली?"

म्हटलं, खाण्यापिण्यापुरती. भाकर, पाणी, ये, जा, नको. एवढं तर आमच्या घरच्या मांजरालाही कळतं.

भाकर मऊ करून दुधात दिली. खाल्ली.

२० जाने., दिग्रस
घरी आणलं. बापूंनी दुकानातून नवी अंकलिपी आणली. चाळीस पोरांच्या वर्गाला शिकवतात तसं खुर्ची ओढून समोर बसले. कमळ दाखवलं, म्हणाले, म्हण, कमळ. आई कमळाकडे बघते, बापूंकडे बघते. गडवा. घर. छत्री. काही नाही. मग तांब्या पुढे केला तर ती स्पष्ट म्हणाली, पाणी.

बापू उठलेच खुर्चीवरून. "आली! मराठी आली!"

पाणी तर दोन्हीकडे पाणीच आहे. त्यांचा चेहरा बघून ते सांगायची कोणाची हिंमत झाली असती?

या घरात फक्त मराठी, हा बापूंचा नियम माझ्या जन्माआधीचा. पोरगी शाळेत मागे पडू नये म्हणून. आईने पाळला. माझ्याशी आर्णी-दिग्रसची मराठी, मले-तुले-काहूनवाली, आणि ती सुद्धा बापू शुद्ध करायचे. गोरबोली फक्त फोनवर, मासीशी, म्हणजे तिच्या बहिणीशी, मागच्या अंगणात, हळू आवाजात. मी आले की फोन बंद.

२४ जाने.
गच्चीवर रेंज येते. तिथून नागपूरच्या कॉलेजचा फ्रेंचचा (फ्रें.) ऑनलाइन क्लास केला. मॅडम म्हणाल्या, घरचं सांभाळ, पण तोंडी परीक्षा मार्चमध्ये आहे, ती चुकवू नकोस, वर्ष जाईल. विषय: माझं कुटुंब. वा.

अर्धा तास नुसता उ. ओठ उ चे, आतून म्हणायची ई. शेजारचं पोरगं खालून बघून हसत होतं. मग र, घशातला. मी पहिल्या वर्षी फोनवर हा र करून दाखवला होता तर आई म्हणाली होती, "गुळण्या करून राह्यली काय व? घसा बसला काय?" आज खाली येऊन तिच्यासमोर मुद्दाम केला. र, र, र. माझ्या ओठांकडे बघत राहिली. वाटलं आता म्हणेल. पण ते वाक्य आलं नाही.

२८ जाने., यवतमाळला जाऊन आलो
डॉक्टरांनी नीट समजावलं. माणसाला दोन भाषा येत असल्या तर कधी कधी आधीची टिकते आणि नंतरची जाते. नेहमीच असं नाही, पण यांचं तसं दिसतंय. यांच्याशी यांच्या पहिल्या भाषेत बोला, म्हणाले.

परतीच्या एस.टी.त बापू खिडकीबाहेर बघत होते.

मी हिशेब लावत होते. आईने मराठी लग्नानंतर उचलली. म्हणजे तिची मराठी माझ्याहून थोडी मोठी, एवढंच. तिने मला आजवर जे जे म्हटलं, रागावली, लाड केले, नागपूरला पोचवताना स्टँडवर काय काय बजावलं, ते सगळं त्याच मराठीत. आता ती मराठी नाही. आणि जी आहे ती मला येत नाही. मले एवढं रडू आलं का डोक्यावर ओढणी घेऊन झोपल्याचं सोंग केलं.

३१ जाने.
पहिल्या वर्षी पहिल्या आठवड्यात घोकलेलं वाक्य वहीत सापडलं. मा लांग मातेर्नेल ए ल मराठी. माझी मातृभाषा मराठी आहे. तेव्हा मॅडम म्हणाल्या होत्या, अगदी बरोबर.

व्याकरणाने.

२ फेब्रु.
मासी आली. आर्णीजवळच्या तांड्यावरून, दोन बस बदलून. आईची धाकटी बहीण. मी दार उघडलं तर माझ्याकडे बघितलंही नाही, सरळ आत. आईच्या गळ्यात हात टाकले आणि मोठ्याने सूर लावला.

आमच्यात बायका फार दिवसांनी भेटल्या की असं गळ्यात पडून सुरात रडतात. रडता रडता सगळं सांगतात, कोण गेलं, कोण आजारी, काय दुखतं, कोणाची आठवण आली. एक सांगते, मग दुसरी. लहानपणी लग्नांत पाहिलं होतं. बापू मला उचलून बाहेर न्यायचे.

आज मासीचं झालं. आणि मग आई. आईने सूर लावला. पहिल्यांदा नुसता आवाज, लांब. मग त्यात शब्द. शब्दामागून शब्द, अख्ख्या ओळी, न अडखळता. जिला 'कमळ' म्हणता येत नाही ती! तोंड वाकडं होतं, लाळ गळत होती, आणि ओळीमागून ओळ येत होती.

शेजारची काकू धावत आली, कोण गेलं म्हणून. बापू तिला दारातच थांबवून सांगत होते, कोणी नाही, कोणी नाही, आमच्याकडची पद्धत आहे ती. मान खाली.

मी भिंतीला टेकून उभी. माझी आई बोलत होती आणि मला त्यातलं 'छोरी' तेवढं कळलं.

३ फेब्रु.
मासीला विचारलं, आई काय म्हणाली. हात मेला म्हणते. तुझ्या बापाले तरास म्हणते. तुझ्या आजीले हाक मारते.

आणि छोरी? ते माझ्याबद्दल होतं ना?

मासी तांदूळ निवडत राहिली. "जाऊ दे न व. रडण्यातलं काही धरा लागत नाही."

मी धरून बसले. शेवटी म्हणाली, "म्हणे, छोरी समोर बसते, मले पाह्यते. पाहुण्यावानी पाह्यते. तिले मी काय सांगू, अन् कायच्यानं सांगू."

४ फेब्रु.
फ्रें. काही केलं नाही.

५ फेब्रु.
बापूंना म्हटलं, आईला सुरात बोलता येतं, मग तसंच बोलूया. म्हणाले, रडणं म्हणजे बोलणं नाही. डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, होतं असं, गाण्यातले शब्द वेगळ्या वाटेने येतात कधी. पण बोलणं परत येईलच असं धरून चालू नका. आलं तर आलं.

बापू म्हणाले, ऐकलंस? मी म्हटलं, तुम्ही ऐकलंत का? मग दोघं आपापल्या खोलीत.

८ फेब्रु.
मासीला म्हटलं, मला शिकव. ती हसायलाच लागली. नागपूरले एवढी मोठी शिकून राह्यली अन् रडणं शिकते म्हणे. पण मग सांगू लागली. तिलाही शिकवलंच होतं. लग्न ठरलं की तांड्यातल्या म्हाताऱ्या पोरींना घेऊन बसायच्या, सूर धरायला लावायच्या. चुकलं तर पाठीत धपाटा. आईला सूर पटकन आला, मासीला फार धपाटे बसले.

मी फोन तिच्याजवळ ठेवला. ती चुलीजवळ बसून गुणगुणत होती, एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं. ऐकणारीला कुठं एक संपतं न् दुसरं सुरू होतं ते कळेना. सगळं रेकॉर्ड केलं.

१० फेब्रु.
मासी गेली. तिचा हरभरा काढणीला आला आहे. निघताना परत गळ्यात पडून रडणं. या वेळी आईच्या ओळी कमी आल्या. की मलाच तसं वाटलं?

१३ फेब्रु.
दोन दिवस गच्चीवर रेकॉर्डिंग. मॅडमचं श्रुतलेखन करते तसंच. थोडं ऐकायचं, थांबवायचं, लिहायचं, परत मागे. आईला गोरबोलीत याडी म्हणतात ते माहीत होतं, पण मी कधी म्हटलेलं नाही. मासी ते दोन हातांएवढं लांब ओढते. याऽऽडी येऽऽ.

एक ओळ सबंध कळली. कोणाला न विचारता कळली! याडी ये, तारी छोरी पराई वेगी. आई गं, तुझी पोर परकी झाली.

हेच तर मला तिला सांगायचं आहे. दुसरं काय सांगायचं आहे? पाठ केली. फ्रें. च्या कुठल्या क्रियापदासाठी एवढा जीव काढला नसेल.

१५ फेब्रु.
दुपारी बापू बाजारात. आईच्या गळ्यात हात टाकले. आधी हसूच येत होतं मला. मग डोळे मिटले आणि लावला सूर. याऽऽडी येऽऽ. दुसऱ्यांदा बरा लागला. तारी छोरी पराई वेगी.

आई ताठ झाली. मी म्हणत राहिले. मग तिने डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि सूर घेतला. किती वेळ चालली ती, ओळीवर ओळ, मासीसमोर सुद्धा एवढं आलं नव्हतं. मी तिच्या मानेत तोंड घालून ऐकत होते. आईशी बोलले मी. बोलले! महिन्याभरात पहिल्यांदा.

फोन चालू होता, सगळं घेतलं आहे. उद्या मासीला ऐकवते.

रात्री मी भरवायला गेले तर घास घेतला नाही. दमली असेल.

१६ फेब्रु.
फोनवर मासीला माझं ऐकवलं. ती म्हणाली, परत लाव.

"हे तर ढावलो होय व बाई."

ढावलो म्हणजे नवरीचं रडणं. लग्न लागून पोरगी माहेरातून निघते तेव्हा आईच्या गळ्यात पडून म्हणते ते. पराई वेगी म्हणजे परकी झाली नाही. दुसऱ्याची झाली, चालली. भेटीचं रडणं वेगळं, ते रेकॉर्डिंगमध्ये त्याच्या आधी होतं.

"तू तिले सांगितलं का याडी, मी निघाली."

म्हटलं, मग ती काय म्हणाली? मासीला आईचं ऐकवलं. मासी थोडी रडली, मग एकेक सांगितलं. जा म्हणते. या घरचं तुझं दाणापाणी संपलं म्हणते. मागं वळून पाहू नको म्हणते. आईनं म्हणायचं असते तेच म्हटलं तिनं, सारं बराबर म्हटलं, एक ओळ नाही चुकली.

लिहवत नाही.

१८ फेब्रु.
माझ्या हातून खात नाही. बापूंच्या हातून खाते. मी जवळ बसले की दाराकडे बोट. रागाने नाही. निघालेल्या माणसाला उशीर होतो आहे, असं.

मी म्हणते, आई, चूक झाली. आई, मी कुठं चालले नाही. मराठीत म्हणते. कशात म्हणू?

मासीला म्हटलं फोनवर तूच समजाव. तिने समजावलं. आईने फोनकडे बघितलं आणि डोळे मिटले. मासी म्हणते, एकदा म्हटलेला ढावलो परत घेता येत नाही, त्याले उलटं काही नाहीच बाई. पोरगी जाते. मग कधी तरी भेटीले येते.

२३ फेब्रु.
बापूंना सांगितलं सगळं. वाटलं, ओरडतील. चष्मा काढून पुसत बसले. म्हणाले, तुला हे आलं असतं, घरात बोललो असतो तर. मी म्हटलं, हो. एवढंच. अजून कडू बोलता आलं असतं, तोंडात होतं. त्यांची मान बघून गिळलं.

१ मार्च
मागच्या अंगणात गेले तर बापू आईचे केस विंचरत होते आणि तिच्याशी बोलत होते. गोरबोलीत. मी त्यांचा तो आवाज ओळखलाच नाही, कोणी पाहुणा आला वाटलं. अडखळत बोलतात. मधेच मराठी क्रियापद घुसतं, मग थांबतात, शोधतात. मी फ्रें. बोलते तसं.

आई ऐकत होती.

५ मार्च
कालपासून तिला थोडा ताप. डॉक्टर म्हणाले छातीत कफ आहे, गोळ्या दिल्या. शब्द आणखी कमी झाले. बाटी सुद्धा म्हणत नाही आता, डाव्या हाताने तोंडाकडे खूण करते. शेजारच्या तांड्यावरची एक बाई भेटायला आली, गळ्यात पडून रडली. आईच्या डोळ्यांतून पाणी, पण ओळ एकही नाही. सूर सुद्धा नाही.

भीती वाटते. शेवटचं बोलणं ते ढावलोचं, असं व्हायला नको.

८ मार्च
परीक्षा बुधवारी. जात नाही म्हटलं. बापू म्हणाले, तिने जा म्हटलं आहे, आणि कोणी पाठवलं नसेल इतकं रीतसर पाठवलं आहे. मग उठता उठता: "आणि गेल्याशिवाय तुले येता कसं येईन?"

'तुले' म्हणाले. बापू!

मासीला फोन केला. भेटीच्या रडण्याच्या ओळी नीट घेतल्या, अर्थासकट, दोनदा म्हणून दाखवल्या. याडी ये, घणे दाडेती मळी. आई गं, फार दिवसांनी भेटलीस. म्हणाली, आता जमते. जा अन् ये.

१० मार्च, नागपूर
निघताना आईला काही म्हटलं नाही. वळून बघायचं नाही असं तिनेच सांगितलं आहे. मी बघितलं. ती झोपली होती.

११ मार्च, नागपूर
तोंडी झाली. बाहेरून आलेले सर, मॅडम, आणि मी. कुटुंबात कोण कोण, वडील काय करतात. मग सरांनी विचारलं, मातृभाषा कोणती. तोंडातून घोकलेलंच आलं, सरळ, एका दमात. मा लांग मातेर्नेल ए ल मराठी. उच्चार फार सुंदर आहेत, म्हणाले. विशेषतः र.

मेर्सी म्हटलं. बाहेर येऊन नळावर तोंड धुतलं, मग तिथंच पायरीवर बसून रडले. बिनसुराचं.

१२ मार्च, दिग्रस
संध्याकाळी पोचले. स्टँडपासून घरापर्यंत ओळी म्हणत आले. बापूंनी दार उघडलं, बाजूला झाले. मी चपला काढल्या न काढल्या, सरळ आत, मासी गेली होती तशी.

आई उशीला टेकून बसलेली. तीन दिवसांत अजून वाळली. गळ्यात हात टाकले, सूर लावला. याऽऽडी येऽऽ, घणे दाडेती... आणि पुढचं आलंच नाही. तिच्या मानेला तापाचा आणि खोबरेल तेलाचा वास. सूर तुटला आणि खरंखुरं रडू फुटलं, त्यात सगळं विसरले. नुसतं आई, आई, आई.

तिने डावा हात पाठीवर ठेवला. थोपटलं. आणि म्हणाली, "याडी."

सुरात नाही. साधं. आपण पोराला चुकलेला शब्द सांगतो तसं.

मी मान वर केली. म्हटलं, काय गं? काय म्हणालीस? ती माझ्याकडे बघत होती की माझ्या मागे, ते कळलं नाही.

बापू दारातून म्हणाले, स्वतःच्या आईला हाक मारते आहे ती, दोन दिवस झाले, तापात. मासी फोनवर म्हणते, नाही, तुले शिकवते ते, तुले आई नाही म्हणा लागत, याडी म्हणा लागते. दोघांनाही खात्री आहे.

मी परत म्हटलं. याडी. साधंच, तिच्या कानाशी. तिचा हात पाठीवर तसाच होता, मी काढला नाही. मग तिचा डोळा लागला. भाकर दुधात भिजवून ठेवली आहे, उठली की मी भरवून बघते.